शेवटचं पान आधी

शोकसभेत सरांचा फोटो व्यासपीठावर, अगदी मधोमध, सगळ्यांच्या समोर ठेवला होता. इतकी वर्षं या हॉलमध्ये जो माणूस कधी पहिल्या रांगेत बसला नाही, त्याला समोर बसवण्यात संस्थेला शेवटी यश आलं होतं. प्राचार्य म्हणाले की सरांनी विद्यार्थ्यांना नेहमी पुढचं पाहायला शिकवलं. प्राचार्य नवीन आहेत, त्यांचा काही दोष नाही. भाषण बहुधा आधीच्या कुठल्यातरी शोकसभेतून उरलेलं होतं.

मी शेवटच्या बाकावर बसले होते. आमचे सर शेवटच्या बाकामागूनच शिकवायचे, त्यामुळे दुसरीकडे बसणं मला जमलं नसतं.

ते ऑडिट शिकवायचे. वर्गाच्या मागच्या दारानं आत यायचे, भिंतीला लागून एक लाकडी स्टूल होतं त्यावर बसायचे आणि तिथूनच बोलायला लागायचे. आम्ही फळ्याकडे तोंड करून बसायचो आणि ज्ञान पाठीमागून यायचं. फळ्यावर कोणीतरी तारीख लिहायचं. वर्षभर त्यावर दुसरं काही उमटलं नाही. पहिल्या दिवशी एका मुलानं वळून पाहिलं, तर आवाज आला, "समोर पाह गा. माझ्या चेहऱ्यावर काही लिहिलं नाही."

"सर, फळ्यावरही काही लिहिलं नाही," तो मुलगा म्हणाला.

"मग दोन्हीकडं सारखंच आहे. समोर पाह."

मागे बसण्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. "समोरून सारेच हुशार दिसते. कोण काय करून राहिला ते मागून दिसते." हे खरंच होतं. बाकाखाली मोबाइल चालवण्याची कला इतर तासांना आमच्या वर्गात फार पुढे गेली होती. सरांच्या तासाला ती बंद पडायची.

वाचायचेही ते मागून. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून, लग्नपत्रिका तळाच्या टिपेपासून. लग्नाला गेले तर आधी मांडवाच्या मागे जाऊन आचाऱ्याला भेटायचे, मग नवरानवरीला. कंपन्यांचे वार्षिक अहवाल ते आमच्याकडून उलटेच वाचून घेत. "पुढं चेअरमनचा फोटो असते, मागं बारीक अक्षर असते. फोटोसाठी कोणी वकील ठेवत नाही. बारीक अक्षरासाठी ठेवते. तर कोणतं आधी वाचायचं?" एवढं बोलून खिशातला हिरव्या शाईचा पेन काढायचे. जे वाचून झालं त्यावर हिरवी टिक. विजेच्या बिलावर, कॅन्टीनच्या पाटीवर, प्राचार्यांच्या परिपत्रकावर. कॅन्टीनवाल्यानं पाटी तीनदा रंगवली आणि मग नाद सोडला.

एकदा ते आम्हाला नागपूरबाहेर बुटीबोरीला एका सूतगिरणीत मालाची मोजणी कशी करतात ते दाखवायला घेऊन गेले. एप्रिल होता. सरांनी कान आणि डोकं पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलं होतं आणि त्यातून फक्त चष्मा दिसत होता. गोदामाचा मॅनेजर उत्साहानं पुढची खोकी उघडून दाखवू लागला. सर सरळ गोदामाच्या मागच्या टोकाला गेले. "हे उघडा."

"साहेब, सारख्याच आहेत सगळ्या पेट्या."

"मग मागची उघडायला काय हरकत आहे?"

पेटी उघडली. आत चौकीदाराची हिवाळ्यातली रजाई होती. मॅनेजर चौकीदाराकडे, चौकीदार छताकडे पाहू लागला. सरांनी आमच्या कागदावर लिहायला सांगितलं, "सूत, पेटी नंबर एकशे बारा. प्रत्यक्षात रजाई, एक." मग चौकीदाराला म्हणाले, "धुऊन घे गा ही. लई वास येऊन राहिला." आणि टिक केली. माझे बाबा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या गिरणीत पाळी-सुपरवायझर होते. घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. मग म्हणाले, "हा मास्तर आमच्या गिरणीत आणू नको."

त्या वर्षी आमच्या वर्गाला मुंबईचं वेड लागलं. शहरातल्याच एका मुलानं दुसऱ्या वर्षाला मुंबईचं कॉलेज धरलं होतं आणि पुढे त्याला एका विदेशी बँकेनं उचललं होतं. आईवडील पेढा भरवतानाचा त्याचा फोटो पेपरात आला. तो नेमकं काय काम करणार हे बातमीत नव्हतं. पेढा भरवणाऱ्यांनाही माहीत नसावं. पण त्या दिवसापासून 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' हे शब्द आमच्या तोंडात असे बसले, जणू आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा होता. आमचा हिशेब सोपा होता. मोठ्या बँका नागपूरला येत नाहीत. त्या मुंबईतल्या ठरावीक कॉलेजांत जातात आणि आधी कॉलेजचं नाव पाहून मगच मुलांची नावं पाहतात. म्हणजे आमच्या बुद्धीत काही कमी नव्हतं, फक्त पत्ता चुकला होता. तो दुरुस्त केला की झालं.

आमचं घराणं नागपूरजवळच्या खाप्याच्या विणकरांचं. माग आजोबांच्या काळातच बंद पडले आणि बाबा बुटीबोरीला आले. त्यांना समजावणं हा माझा पहिला इंटरव्ह्यू होता.

"बँकेत जायाचं तर मुंबईले काहून वं? आपल्या चौकात तीन बँका हायेत."

"त्या वेगळ्या, बाबा. या बँकेत काउंटर नसतो."

"मंग तेथचे लोक काय करते?"

"सल्ला देतात."

"कोणाले?"

"मोठ्या कंपन्यांना."

"कंपन्यायले सोताची अक्कल नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढे सहा वर्षं त्याच क्षेत्रात काढली, तरी देता येत नाही. पण बाबांनी गावाकडच्या जमिनीतला आपला वाटा विकला आणि मला म्हणाले, "जाय. पण नीट पाहून जाय."

आम्ही सात जण निघालो होतो. दाखला काढायच्या अर्जावर विभागप्रमुखाची, म्हणजे सरांची सही लागायची. आमच्या आदल्या वर्षापर्यंत सही करण्याआधी ते मत द्यायचे, असं ऐकलं होतं. एका मुलाला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जाऊ नको, तिथं तुझं नुकसान होईल." दुसऱ्या दिवशी त्याचे वडील वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला घेऊन आले आणि संस्थेकडे लेखी तक्रार दिली. मुलं कमी झाली की प्राध्यापकाचे तास कमी होतात, पद जातं, म्हणून हा माणूस आमच्या मुलाला अडवतो आहे. सरांना बोलावलं. त्यांनी तक्रार शेवटच्या ओळीपासून वर वाचत नेली, टिक केली आणि म्हणाले, "बरोबर आहे." वडील गोंधळले. ते भांडायला आले होते, आणि समोरचा माणूस पक्षांतर करून त्यांच्याच बाजूला येऊन उभा राहिला होता. "ज्याचा फायदा आहे त्यानं मत द्यायचं नसते," सर म्हणाले. "मी हेच तर शिकवतो." आणि सही केली.

तेव्हापासून ते कोणालाच काही सांगत नसत. फक्त नव्या कॉलेजची माहितीपुस्तिका मागून घ्यायचे. मीही दिली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर काचेची इमारत, आणि आत एक मुलगी लॅपटॉपकडे पाहून अशी हसत होती, जशी मी अजूनपर्यंत कुठल्याही लॅपटॉपकडे पाहून हसलेली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी पुस्तिका परत दिली. शेवटचं पान आत दुमडलेलं होतं.

"वाचली?"

"हो सर."

"सारी?"

"हो सर."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. त्यावर खरोखर काही लिहिलेलं नव्हतं.

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मले काही वाटून चालत नाही, बाई." त्यांनी सही केली. "पुस्तिका सांभाळून ठेव. कागद चांगला आहे."

ती मी सांभाळून ठेवली. पेटीत, चादरीखाली. दुमडलेलं पान पाहिलं तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसांना पानं दुमडायची सवय असते.

मुंबईच्या कॉलेजात मी दीड वर्ष मन लावून शिकले. इंग्रजी सुधारलं, केस कापले, 'बघते' ऐवजी 'लेट मी गेट बॅक टू यू' म्हणू लागले. मग त्या बँकांचे दिवस आले. पात्र विद्यार्थ्यांची यादी लागली आणि माझं नाव तीत नव्हतं. प्लेसमेंटचं काम पाहणारा माणूस माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल. तो फार सौम्यपणे म्हणाला, की थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना पहिल्या फेरीत बसता येत नाही, माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर दिलेलं आहे. दुसऱ्या फेरीत बसा, तेव्हाही चांगल्या कंपन्या येतात. चांगल्या कंपन्या म्हणजे बिस्किटांच्या.

खोलीवर येऊन पेटी उघडली. पान उलगडलं. बारीक अक्षर होतं, आणि त्या एका ओळीच्या सुरुवातीला हिरवी टिक होती.

बँकांना मी तरीही भेटले. पहिल्या फेरीत बसता येत नसलेल्यांना स्वयंसेवक होता येत होतं. मी ट्रेमधून पाण्याच्या बाटल्या नेत होते. ज्या खोलीत शिरण्यासाठी बाबांनी जमिनीचा तुकडा विकला होता, त्या खोलीत मी दिवसभरात अकरा वेळा शिरले. सूट घातलेल्या एका माणसानं माझ्याकडे थेट पाहून प्रश्नही विचारला. बाथरूम कुठे आहे, असा. मी बरोबर उत्तर दिलं.

पुढे नोकरी मिळाली ती अशाच बँकांसाठी सादरीकरणं तपासून देणाऱ्या एका कंपनीत. बँकेतले लोक वर मोठी अक्षरं लिहायचे, मी खालच्या तळटीपा तपासायचे. मला ते काम फार चांगलं यायचं. साहेबांनी एकदा विचारलंही, की इतक्या लवकर चुका कशा सापडतात. मी सांगितलं, मी मागून वाचते.

सरांवरचा राग मात्र गेला नव्हता. टिक करायला हात उचलला, मग तोंड उघडायला काय झालं होतं? मी मुंबईत शिकत होते तेव्हा मागे राहिलेली माझी मैत्रीण फोनवर सांगायची, की सर हजेरीत अजून आमची सात नावं घेतात.

"आणि मग?"

"मग आम्ही म्हणतो, मुंबईले गेली सर. ते म्हणतात, हजर मांडू का? आम्ही म्हणतो, नाही सर. मग म्हणतात, बरं, जागा रिकामी सोडा. अगं, सात जागा! पोरं अंगावर अंग घालून बसून राहिले इथं."

मला तो टोमणा वाटायचा. त्यात थोडा टोमणा होताच, हे मी आजही कबूल करते.

मग एका वर्षी तिनं सांगितलं की सर खाप्याला गेले. आम्ही सात, पुढच्या वर्षीचे नऊ, असे गेल्यामुळे एक तुकडी मोडली आणि सर अतिरिक्त ठरले. संस्थेचं खाप्याला एक छोटं कॉलेज होतं, तिथं त्यांना पाठवलं. रोज जाऊन येऊन बस. शेवटची सीट. जिथून आमचं घर पोट भरायला बाहेर पडलं, तिथं माझ्यासारख्यांमुळे सर पोट भरायला जाऊ लागले. निवृत्तही ते तिथूनच झाले. खाप्याच्या कॉलेजला हॉल नाही, म्हणून शोकसभा नागपूरला.

तळटीपा तपासायचं माझं काम सहा वर्षांनी एका सॉफ्टवेअरनं घेतलं. त्याचा मला फारसा राग नाही, ते मागून आणि पुढून एकदमच वाचतं. मी नागपूरला परत आले, परीक्षा दिल्या आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास मिळतील तेवढ्यापुरती, शिकवू लागले. तेव्हाच कळलं की सर रामदासपेठेत एका दवाखान्यात आहेत.

मी गेले तेव्हा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बाहेर बाकावर बसल्या होत्या. "आतमध्ये जा तू. ऑपरेशनच्या कागदावर सही करून नाही राहिले. डॉक्टर दोनदा येऊन गेले. म्हणतात, मले आधी शेवटचं पान दाखवा."

सर फार बारीक झाले होते. चष्मा तेवढा पूर्वीच्याच मापाचा होता. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले.

"मुंबईवाली," ते म्हणाले.

"हो सर."

"बँकेत शिरली का?"

"अकरा वेळा," मी म्हणाले आणि पाण्याच्या बाटल्यांची गोष्ट सांगितली. ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. ते हसत असतानाच मी विचारून टाकलं. नाहीतर विचारलं नसतं.

"सर, तुम्हाला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. सांगितलं काहून नाही?"

"तू गेली नसती तर माझी तुकडी वाचत होती," ते म्हणाले. "मग मी कसा सांगणार? तुझ्या बापाले वाटलं असतं, मास्तर स्वतःची नोकरी वाचवून राहिला. आणि खरंच होतं ते. मी पान दुमडून ठेवलं, खूण केली. नियमात तेवढंच बसत होतं."

"आणि मी उलगडलं नाही."

"नाही. वर्षभर तेच शिकवलं, तरी नाही." त्यांनी डोळे मिटले. "तुझे पेपरात मार्क चांगले होते."

"तुम्हाला खाप्याला जावं लागलं, सर. आमच्यामुळे."

"त्यात काय? कॉलेज बदललं की भविष्य सुधारते, असं तुम्हीच म्हणत होते ना? मीही बदलून पाहिलं."

डॉक्टरांचे कागद मीच त्यांना वाचून दाखवले. शेवटच्या पानापासून. कुठल्या गोष्टीला कोण जबाबदार नाही, याची ती लांब यादी होती. सर शांतपणे ऐकत होते. पेन मागितला. माझ्याकडे निळा होता. त्यांनी त्याच्याकडे जरा नाराजीनं पाहिलं, प्रत्येक ओळीवर खूण केली आणि सही केली. ऑपरेशन झालं. ते त्यातून उठले नाहीत. दवाखान्याचा त्यात काही दोष नव्हता, तसं त्या पानावर लिहिलेलंच होतं.

शोकसभेच्या पुढच्या आठवड्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला. हुशार, चळवळ्या, पुढच्या बाकावरचा. विभागप्रमुखाची जागा भरलेली नव्हती, म्हणून अर्जावर वर्ग घेणाऱ्याचीच सही चालायची.

"मॅडम, दाखल्याच्या अर्जावर सही पाहिजे होती. मुंबईले चाललो."

"माहितीपुस्तिका?"

त्यानं मोबाइल पुढे केला. आता पुस्तिका मोबाइलातच असते. मी बोटानं सरकवत तळाला गेले. कॉलेज वेगळं होतं, वाक्य तेच होतं. हिरव्या शाईचा पेनही होता माझ्या पर्समध्ये, मुद्दाम घेतलेला. पण मोबाइलचं पान दुमडता येत नाही आणि काचेवर टिक उमटत नाही. सरांची पद्धत इथंच संपत होती. नियम पाळायचा तर गप्प राहून सही करायची, एवढंच उरलं होतं.

"बस," मी म्हणाले. "आधी हे ऐक. तू गेलास तर ही तुकडी राहील की नाही सांगता येत नाही. तुकडी गेली तर माझे तास जातील. म्हणजे मी जे सांगणार आहे त्यात माझा फायदा आहे. कळलं?"

"हो."

"आता ही ओळ वाच. मोठ्यानं."

त्यानं वाचली. मग पुन्हा मनात वाचली. चेहरा जरा उतरला.

"हे आम्हाले कोणीच नाही सांगितलं."

"मी सांगतेय."

"पण मॅडम, तुमचा तर फायदा आहे म्हणता."

"आहे."

"मग मी तुमचं कसं मानू?"

"मानू नको. वाच. मोबाइल तुझा आहे."

त्यानं ती ओळ बोटानं एकदा वर, एकदा खाली सरकवली. आठवड्याचा शेवट होता, बाहेर गाड्या काढायची गडबड चालू होती. शेवटी म्हणाला, "बाबायनं फी भरली मॅडम, तिथची. जाऊन पाहतो. तिथं गेल्यावर निघते काही ना काही रस्ता." त्याच्या आवाजात माझाच तेव्हाचा आवाज होता, केस कापण्याआधीचा. मी सही केली. हिरव्या शाईनं.

सोमवारी वर्गात गेले. मागच्या भिंतीवर, सरांच्या स्टुलाच्या वर, आता कॅमेरा बसवलेला आहे. सरांच्या जागेवरून तो सगळं पाहतो आणि कोणाला काही सांगत नाही. मी हजेरी घ्यायला लागले आणि त्या मुलाचं नाव आलं तेव्हा तेही घेतलं.

मी पुन्हा घेतलं.

"मॅडम, तो मुंबईले गेला ना," मागून एक मुलगी म्हणाली. "तुम्हीच तर सही केली."

"माहीत आहे," मी म्हणाले. "त्याची जागा रिकामी सोडा."

त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर ऐसपैस ठेवलेली आपली बॅग उचलून मांडीवर घेतली.